देणगी विभागाची माणसं

आमचे हे आयुष्यात एकदाच खोटं बोलले. तेही माझ्यापायी, आणि दोन परक्या बायकांसमोर.

त्या दोघी आमच्या मुलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आल्या होत्या. कॉलेज विद्यापीठाचं, पसारा मोठा. देणग्या गोळा करायला त्यांच्याकडे वेगळा विभागच आहे. वर्षातून एकदा, परीक्षा आटोपल्या की, तिथली शिकणारी मुलं संध्याकाळी ओळीने फोन घेऊन बसतात आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी फोन लावतात. आधी ख्यालीखुशाली विचारायची, मग हळूच देणगीचं काढायचं, अशी त्यांची पद्धत.

आमच्याकडे पहिला फोन आला तेव्हा उचापत्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. उचापत्या म्हणजे आमचा मुलगा. घरातली एक वस्तू त्याने खोलून बघायची ठेवली नव्हती, म्हणून हे नाव. परगावी पहिली नोकरी लागली आणि तिथेच तापाचं निमित्त झालं. कॉलेजला कळवायचं कुणाला सुचणार? फोनवरच्या मुलीने विचारलं, आहेत का घरी? तोवर नातेवाइकांनी आमच्यापुढे त्याचा विषय काढणं सोडून दिलं होतं. जणू तो कधी नव्हताच. हे तर मुळीच बोलत नसत. आणि ही कोण कुठली पोर इतकं सहज विचारत होती, की माझ्या तोंडून निघून गेलं, बाहेर गेलाय. सध्या काय करतात? म्हटलं, पूल बांधतो.

झालं. एकदा जीभ सुटली ती सुटलीच. दरवर्षी फोन यायचा आणि मी वर्षभर त्याची वाट बघायची. मी त्याला बढती दिली, दूर कुठे मोठ्या नदीवर कामाला पाठवला, चष्मा लावला. लग्नाचं तेवढं टाळत आले. फोनवर सून आणायची म्हणजे जरा अतीच झालं असतं. शिवणकामातून उरेल ते त्याच्या नावाने कॉलेजला पाठवून द्यायची. हे तेव्हा आतल्या खोलीत पेपरात डोकं घालून बसलेले असायचे. मला वाटायचं, ह्यांना कशाचा पत्ता नाही.

आणि एक दिवस दुपारी दारात ह्या दोघी. एक विभागाच्या मोठ्या बाई, हातात फुलांचा गुच्छ. दुसरी कोवळी, नुकती नोकरीला लागलेली. मी मशीनवर होते, तोंडात टाचण्या. तशीच "कोण?" म्हणाले, तर ती कोवळी हसलीच. म्हणाली, "काकू, आवाजावरून ओळखलं मी तुम्हाला." शिकत असताना गेली काही वर्षं तीच मला फोन करत होती. आता त्याच विभागात नोकरी मिळाली, तर पहिली भेट तिने हट्टाने आमच्या घरची मागून घेतली होती.

ह्यांनी त्यांना बसवलं. चहा मीच केला. बाईंनी येण्याचं कारण सांगितलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे आमच्या मुलाने बोलावं अशी कॉलेजची इच्छा होती. पत्रांना उत्तर येईना, म्हणून म्हटलं घरीच जाऊ या. मध्येच ती मुलगी म्हणाली की पुलांचा विषय तिने घेतला तो त्याच्यामुळेच, माझ्या तोंडून ऐकून ऐकून. हे सांगताना तिचा चेहरा इतका खुलला होता, की मला बघवेना.

बाई ह्यांच्याकडे वळल्या. कधी भेटतील ते?

हे जवळचा पेपर उचलून त्याची घडी घालू लागले. मग म्हणाले, "बाहेर गेलाय. कामाचा माणूस, हाती लागत नाही."

अगदी माझे शब्द. माझाच सूर. म्हणजे इतकी वर्षं पेपराआडून हे सगळं ऐकत होते. ह्यांचं नळ-पाइपांचं दुकान होतं, आणि तिथे गिऱ्हाइकाला हे स्वतःच सांगायचे, हा वायसर टिकायचा नाही, दुसरीकडून घ्या. तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

"तो नाही हो," मी म्हणाले. "वारला. तुमचा पहिला फोन यायच्या आधीच."

मोठ्या बाई अनुभवी. कप खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला, मोजकं बोलल्या. मग त्यांच्या रीतीप्रमाणे म्हणाल्या की काळजी करू नका, आजच नाव काढून टाकते, पुन्हा फोन येऊन तुम्हाला त्रास होणार नाही. बिचाऱ्या चांगल्याच मनाने म्हणाल्या. पण माझं डोकं फिरलं.

"त्रास कसला? सगळ्या जगात तुम्हीच तेवढं त्याला विचारत होता. तेही बंद करा आता," मी म्हणाले आणि पाहुण्यांसमोर हमसून हमसून रडले.

ती मुलगी खाली मान घालून बसली होती. कुणाकडेच न बघता म्हणाली, "मग ते पूल?"

उत्तर ह्यांनीच दिलं.

"त्याला उंचीची भीती वाटायची. दुकानात वरचा पाइप काढायला शिडीवर चढला की एका हाताने माझं डोकं गच्च धरायचा. म्हणायचा, बाबा, हलू नका." मग म्हणाले, "पंपांच्या कारखान्यात होता तो. तळमजल्यावर. म्हणून तर घेतली होती ती नोकरी."

मला हे माहीत होतं. आई आहे मी त्याची, माहीत कसं नसेल? पण विसरले होते. फोनवर जो मोठा होत गेला त्याला जपता जपता हा माझ्या हातून निसटला होता. स्टुलावर चढायला घाबरणारं माझं पोर, त्याला मी वर्षानुवर्षं नदीवर उंच नेऊन उभं केलं होतं. ह्यांनी दरवर्षी ते ऐकलं आणि एकदाही मला टोकलं नाही.

उठू लागलेल्या बाई परत बसल्या. हे भिंतीकडे बघत होते. आता गप्प झाले तर पुन्हा कधी बोलायचे नाहीत, हे मला कळत होतं. पदराने तोंड पुसून मी ह्यांच्याजवळ सरकले.

"अहो," मी विचारलं, "आणखी काय म्हणायचा तो?"