कावीळ उतरली

आईला खाटेवरून दिसावी म्हणून सोनेरी मोरपंखीची कुंडी मीच फाटकाजवळून उचलून खिडकीखाली आणली. उचलून कसली, ओढत. आठवडाभर कंबर धरली होती. तीस वर्षं रोपवाटिकेत राबून निवृत्त होताना आईने हे एवढंच झाड घरी आणलं, आणि पाय गेल्यापासून ती रोज त्याची चौकशी करायची.

खिडकीच्या बाजूला दिवसभर भिंतीची सावली. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. सात महिने औषधांच्या वेळांखेरीज डोक्यात काही शिरतच नव्हतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. म्हणजे शिकवायचे. रजा संपत आली होती. रुजू होणार की राजीनामा देणार, हे सोमवारी कळवायचं होतं. कागदावर नुसती तारीख घालून ठेवली होती. दिवसभर आईपाशी राहायला एक बाई तयार होती, पण मीच तिला नको म्हटलं. आईला काय वाटेल?

रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन खिडकीकडे फिरवला.

"अरे वा! कावीळ उतरली म्हणायची झाडाची. कसलं हिरवंगार झालंय! आणि तू घरी आहेस म्हणून मी निर्धास्त असतो बघ. तुलाही घर मानवलंय."

संताप आला, पण भांडायलाही अंगात जोर लागतो. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

"मानवलं कसलं? उपाशी आहे ते," आई म्हणाली.

"कोण?"

"झाड गं. ऊन नसलं की त्याचं सोनं जातं. महिनाभर बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला रोज बघायला मिळत होतं ना." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "स्वार्थीपणा केला. ने ते फाटकाजवळ."

"तिथे तुला दिसणार नाही."

"नाही दिसणार. आणि तू फोनवर नको म्हणालीस ना, ऐकलंय मी; त्या बाईला उद्यापासून यायला सांग."

मी कुंडी ओढत नेली. वाटेत दोनदा थांबले. उन्हात पोचले तेव्हा आतून आईचा आवाज आला, "नवी पालवी पिवळी येईल हं! घाबरून खत घालत बसू नकोस."

मी पायरीवर बसून पोटभर रडले. मग हात धुऊन आत आले आणि तारखेखाली लिहिलं, 'उद्यापासून रुजू होत आहे.'

आई रिकाम्या खिडकीकडे बघत होती.