कडीचं लाल फडकं

"फडकं बांध बाई, पण दिवस कलला की सोडत जा. यायची सवय लागायला वर्षं जातात. न यायची चार दिवसांत लागते."

समोरच्या शेळीवाल्या मावशीनं हे सांगितलं तेव्हा कॉलेजवाली दाराच्या कडीला गाठ मारत होती. ती हसली. "मावशी, चार तासांचं तर काम आहे. त्यात कोण कुणाला विसरतंय?"

"मी आपलं सांगितलं," मावशी म्हणाली आणि शेळ्या हाकत बांधाकडे निघून गेली.

गल्लीत पदवी घेतलेली ही एकच सून, म्हणून तिचं नाव कॉलेजवाली पडलं. नवरा तीन जिल्हे पलीकडे शीतगृहात नोकरीला. तो महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवी आणि ती ते फळीवरच्या डब्यांत वाटून टाकी. किराण्याचा डबा, विजेचा डबा, औषधाचा डबा. शेवटचा डबा नवऱ्याचाच. तो भरला की त्यानं नोकरी सोडून गावातच मोटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं, असं दोघांचं ठरलं होतं. पण तिन्ही डब्यांची तोंडं भरता भरता चौथ्याला खडखडाटच उरे. म्हणून तिनं घरबसल्याचं काम धरलं. पाण्याच्या मोटरी विकणारी एक कंपनी होती, तिच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. कानाला हेडफोन, पुढ्यात कंपनीनं दिलेला प्रश्नांचा कागद आणि मागे दोन वर्षांची ठकी.

काम सोपं होतं, अट कडक होती. फोनवर घरातला आवाज गेला की त्या फोनचे पैसे कापले जात. पहिल्याच आठवड्यात न्हावीणकाकू पीठ मागायला आली ती दारातूनच ओरडली, "अगं ए, मेलीस का आत?" एक फोन गेला. दुसऱ्या दिवशी मावशीची ढवळी शेळी उंबऱ्यात येऊन बें-बें ओरडली. पलीकडून गिऱ्हाईक गंभीरपणे म्हणालं, "मॅडम, तुमच्या हापिसात शेळी आहे का?" तोही फोन गेला. तेव्हा तिनं जुन्या परकराची लाल पट्टी फाडली आणि घरोघर जाऊन सांगितलं, "कडीला हे दिसलं की मी कामात. हाक मारू नका, कडी वाजवू नका."

गल्लीनं शब्द पाळला. जरा जास्तच पाळला.

पहिल्या महिन्यात बायका फडकं सुटायची वाट बघत. सुटलं की एकदोघी येऊन टेकत, ठकीला मांडीवर घेत. दुसऱ्या महिन्यात त्या आपसातच ठरवू लागल्या, "नको, तिचं काम असेल." ती नळावर गेली की गप्पा थांबत. कुणी वाईट बोलत नव्हतं. उलट हंडा आधी भरून देत आणि म्हणत, "जा बाई, तुला घाई असेल." तिला घाई नसे. हंडा डोक्यावर घेऊन ती मुद्दाम हळू चाले आणि मागे पुन्हा सुरू झालेलं हसणं वळणापर्यंत ऐके.

दिवसाकाठी चाळीस माणसांशी ती बोलायची. कुणाची मोटर नुसती घुमायची, कुणाची पाणी ओढत नव्हती, कुणाची जळाल्याचा वास मारायची. कागदावरचा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच. "तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत का?" कारण निम्मी माणसं घरात बसूनच तक्रार करत. तो प्रश्न तिच्या तोंडात इतका बसला, की ठकीनं भूक लागली म्हटलं तरी ओठांवर तोच यायचा. पण त्या चाळिसांपैकी एकानंही कधी विचारलं नाही, की बाई, तू जेवलीस का.

फक्त मावशीनं येणं सोडलं नव्हतं. ठकीला शेळीचं दूध मानवायचं. मावशी सकाळी तांब्याभर दूध आणी, फडकं दिसलं की पायरीवर ठेवी, वर टोपली पालथी घाली, टोपलीवर दगड. कडीला हात लावत नसे. दुपारी कॉलेजवाली तांब्या घासून, खाली पैसे ठेवून तिथंच मांडी. संध्याकाळी तांब्या गेलेला असे. दोघींचा असा रोजचा व्यवहार, आणि तोंड दिसायचं आठवड्यातून एकदा.

मग वाऱ्याचे दिवस आले. माळावरून सुटलेला कोरडा वारा दिवसभर धूळ उधळायचा, दारं आपटायचा. पत्रे खडखडले तरी पैसे कापतील, म्हणून तिनं पत्र्यावर दगड ठेवले, खिडकीत गोधडी कोंबली. शेतं पाण्याला आली होती, त्यामुळे फोन वाढले. कंपनीनं संध्याकाळचेही चार तास देऊ केले. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"घेऊ का अहो? चौथा डबा लवकर भरेल."

"तुला झेपेल का?"

"झोपायचं तर घरातच आहे, बसायचंही घरातच. न झेपायला काय?"

त्यानं विषय बदलला. "ठकी काय करते?"

"फळीवरचे डबे वाजवते. चौथा वाजला की बाबा म्हणते."

त्यानं काहीतरी हसल्यासारखं केलं आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून तिनं फडकं सोडणंच बंद केलं. दिवसातून दोनदा कुठं सोड-बांध करायची? वाऱ्यानं गाठही आवळून बसली होती.

एका सकाळी पायरीवर तांब्या नव्हता. तिला वाटलं, शेळी आटली असेल. दुकानातून पिशवीचं दूध आणलं, ठकीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तांब्या नाही. आता तिला वाटलं, मावशी रुसली. काय चुकलं असेल ते आठवत राहिली. परवा तांब्याखाली एक नाणं कमी तर ठेवलं नव्हतं? एवढ्यासाठी कुणी रुसतं का? जावं का समोर? पण जाऊन उभं राहायचं आणि मावशीनं पाठ फिरवली तर? मग आठवड्यातून एकदा दिसणारं तोंडही गेलं. संध्याकाळचं काम संपलं की जाऊ, असं म्हणता म्हणता अंधार पडला आणि ठकी कुशीत झोपून गेली.

तिसऱ्या सकाळी वारा पडला होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. मोटर चालू, पाणी नाही.

"काका, तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत का?"

"विहिरीवरच उभा आहे की," तो म्हणाला. मग थांबला. "बाई, तुमच्या मागं ते काय ओरडतंय?"

गेला हा फोन. "काही नाही काका, रस्त्यावरचा आवाज आहे. तुम्ही मोटर बंद करून..."

"रस्त्यावरचा नाही. शेळी आहे. दोन-तीन आहेत." तो कान देऊन ऐकत होता. "धार काढायची राहिलीय त्यांची. कास तटली की अशी ओरडते शेळी. एका दिवसाची नाही ही. कुणी बघितलं का तिकडं?"

दोन दिवस तो आवाज तिच्या कानावर होता. हेडफोन घालून ती तो बाहेर ठेवत होती. नाकासमोरचं घर, बारा पावलं.

"काका, थांबा," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, थांबू नका. मोटरनं हवा धरलीय, वरचं झाकण उघडून पाणी ओता." आणि हेडफोन काढून ठकीला कडेवर घेतलं.

मावशी गोठ्याच्या दारात आडवी होती. पाय खुब्यातून वळलेला. हाताला लागेल असा शेळ्यांच्या पाण्याचा टोप होता, त्यातलंच पाणी ती पीत असावी. डोळे मात्र जागे होते.

"आलीस?" मावशी म्हणाली. "काम संपलं?"

"मावशी, कधी पडलात? हाक का नाही मारली?"

"काल सकाळी पडले. हाक मारली की. शेळ्यांच्यात काय ऐकू येणार." ती श्वास घ्यायला थांबली. "त्याच्या आदल्या दिवशी ताप भरला होता. तुझ्याकडे आले होते गोळी मागायला. फडकं होतं."

"मग कडी वाजवायची ना."

"पैसे कापतात ना तुझे." हे ती अगदी समजुतीनं म्हणाली. "परत आले दुपारी. मग दिवे लागल्यावर आले. तेव्हाही होतं. म्हटलं, आज काम फार दिसतंय पोरीला."

कॉलेजवाली धावत घरी गेली, कडीची गाठ दातांनी सोडली आणि त्याच पट्टीनं मावशीचा पाय फळकुटाला बांधला. मग गल्लीच्या मधोमध उभी राहून तिनं हाका मारल्या. कित्येक महिन्यांत तिचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. न्हावीणकाकू पिठाच्या हातानंच आली. टेम्पोवाल्यानं टेम्पो काढला. शेळ्यांची धार कुणी काढली ते तिला आठवत नाही. संध्याकाळी कंपनीचा निरोप आला. दिवसाच्या सगळ्या फोनांचे पैसे कापले होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'प्राण्याचा आवाज'.

आता ती दार उघडं ठेवून काम करते. फोनांचे पैसे कापले जातात. नवरा म्हणाला, "मग अजून वर्षभर जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे." चौथा डबा पुन्हा खडखडतो आहे. आणि दार उघडं असलं तरी कुणी येत नाही. न्हावीणकाकू पायरीपर्यंत येते, कडीकडे बघते, फडकं नसतं, तरी दबक्या आवाजात विचारते, "कामात आहेस का?" आणि उत्तराची वाट न बघता वळते. मावशीचं म्हणणं खरं झालं ते असं.

मावशी गावात नाही. दवाखान्यातून भाच्यानं तिला परस्पर शहरात नेलं, शेळ्या विकल्या. कॉलेजवाली भाच्याला फोन करते. तो म्हणतो, "बरी आहे." तिच्या तोंडून आपसूक निघतं, "तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत का?" तो चिडतो. एकाच घरात राहतो म्हणतो. पण तो आणि त्याची बायको सकाळी आठला बाहेर पडतात ते दिवेलागणीला येतात, आणि मावशीला जिना उतरवत नाही. ठकीला आणि कामाला टाकून कॉलेजवालीला दोन दिवसांचा प्रवास जमत नाही.

म्हणून ज्याला म्हणून ही गोष्ट सांगते, त्याच्याजवळ ती एकच मागणं मागते. तुमच्याजवळही तेच.

"शहरात गेलात तर बस थांबते त्याच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिच्यावर तिसरा मजला, हिरवं दार. दिवसा जा, ती एकटी असते तेव्हा. दार बंदच असेल. आतून आवाज येणार नाही, तिला उठायला वेळ लागतो. दारावर काहीही लिहिलेलं असो, काहीही टांगलेलं असो, परत फिरू नका. वाजवा. थांबा, आणि पुन्हा वाजवा."