कर्कशेचा आवाज

टिण्ण.

दुपारची वेळ, घर गपगार. आपल्या छोटीला थोपटता थोपटता तिचाही डोळा लागत आला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी बारीक पडलं, दोनदा उडालं आणि घरंगळत कुठंतरी जाऊन थांबलं. मग नळाची धार. मग बाबांची पावलं, मागच्या अंगणाकडे.

ती उठली. सिंकला पेट्रोलचा वास मारत होता. म्हणजे बाबांनी पुन्हा कार्ब्युरेटरचे भाग भांड्यांच्या जागी धुतले होते. आई गेल्यापासून त्यांना अडवणारं कुणी उरलं नव्हतं आणि लेक माहेरी आली म्हणून ते सुधारतील, असंही काही नव्हतं. जाळीच्या कडेला, चहाच्या चोथ्यात, पितळेचा एक मणी अडकला होता. मणी कसला, जेट. मुंगीसुद्धा अंग चोरून जाईल एवढं भोक, आणि त्या भोकातून मोटरला पेट्रोल मिळतं. तिनं तो फ्रॉकच्या टोकानं, म्हणजे वाळत घातलेल्या छोटीच्या फ्रॉकच्या टोकानं, पुसला आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली.

बाबा बाकाखाली रांगत होते. चष्मा कपाळावर, हातात बॅटरी.

“काय हरवलं?”

उत्तर नाही.

“बाबा, काय शोधताय?”

बाबा आपले जमीन चाचपतच होते. तिनं खांद्याला हात लावला तशी ते केवढ्यानं दचकले. डोकं बाकाला आपटलं.

“अगं, मांजरासारखी येतेस! हाक मारत जा की. जेट गेलं. आत्ता हातात होतं, इथंच कुठंतरी पडलंय.”

“हे घ्या. सिंकमध्ये होतं.”

“सिंकमध्ये?” त्यांनी मणी उजेडात धरला. “मग पडल्याचा आवाज कसा नाही आला?”

तिला तो दोन खोल्या पलीकडे, अर्ध्या झोपेत ऐकू आला होता. बाबांच्या कानापासून जेट हातभर अंतरावर पडलं होतं.

“मऊ पडलं असेल,” ती म्हणाली.

“पितळ मऊ पडतं होय! आईवर गेलीस. तिलाही थाप मारता यायची नाही.”

ती हसली, पण मनात काहीतरी खटकलं. गेले काही दिवस ती पाहत होती. बाबांच्या लेखी फोन खराब, टीव्ही खराब, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. शेजारचे शिंपीकाका तर म्हणे काही बोलतच नाहीत, नुसते ओठ हलवतात. तिनं सगळं हसण्यावारी नेलं होतं. आता त्या सगळ्याची एकच ओळ झाली.

शेडच्या मधोमध, लाकडी घोडीवर, कर्कशा उभी होती.

कर्कशा म्हणजे आईची मोटर. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, शर्यतीची, बाबांच्या तरुणपणातली. तेव्हा तळ्यावर शर्यती व्हायच्या. बाबा मोटर बांधायचे आणि आई होडी चालवायची, कारण आई अंगानं चिमणीएवढी आणि होडीला हलकं माणूस मानवतं. गुडघ्यांवर बसून, छाती जवळजवळ पाण्याला टेकवून ती वळणावरून जायची तेव्हा काठावरच्या बायका डोळे मिटून घ्यायच्या. बाबा डोळे मिटायचे ते ऐकण्यासाठी. मोटरचा आवाज मधेच वर चढायचा, बारीक, धारदार, एखादं कोरं कापड एका दमात फाडावं तसा. त्या आवाजावरून मोटरला आईनंच नाव दिलं. बाबा सगळ्यांना सांगायचे, “माझ्या घरात कर्कशा दोन. एक दोरी ओढल्यावर सुरू होते, दुसरीला तेवढीही गरज नाही.” आई पातेलं उगारायची.

पुढे शर्यती बंद पडल्या. बाबा लोकांच्या जुन्या मोटरी नव्या करून देत राहिले, पण कर्कशा गोणपाटाखाली पडून राहिली. आई गेल्यावर एके दिवशी त्यांनी गोणपाट काढलं. तेव्हापासून एकच ध्यास. गंज खरवडला, वायरी बदलल्या, टाकीचा पोचा आतून काठी घालून इतक्या हळुवारपणे काढला की जणू बाळाची टाळू. मोटर चालूही झाली.

“चालते गं,” ते म्हणाले, जेट जागेवर पिळत. “पण तो आवाज नाही. तुझ्या आईच्या वेळचा. वरचा सूर लागतच नाही. जेट बदललं, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. कुठंतरी काहीतरी राहतंय. उद्या सुई आणखी आवळतो.”

सुई म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू. आवळली की मोटरला पेट्रोल कमी मिळतं, ती कोरडी चालते, आवाज चढतो. जास्त आवळली की पिस्टन तापतो आणि धरतो, म्हणजे आतच अडकून बसतो. आणि कर्कशेचा हा पिस्टन शेवटचा. तसला दुसरा मिळायचा नाही, हे बाबांनीच तिला तीनदा सांगून झालं होतं.

सकाळी पाण्यानं भरलेल्या लोखंडी पिंपाच्या कडेला मोटर चढवली. छोटी दारातल्या पायरीवर, कानांवर हात, डोळ्यांत आनंद. बाबांनी वरच्या चाकाला, फ्लायव्हीलला, दोरी गुंडाळली, पाय रोवला आणि ओढली. दुसऱ्या ओढीला कर्कशा उठली. पिंपातलं पाणी उसळून बाहेर आलं, पत्रे थरथरायला लागले.

आणि तिच्या अंगावर काटा आला. आवाज होता. तोच. लहानपणी काठावर सतरंजीवर झोपायची ती याच आवाजात, बंद पडला की जागी व्हायची. कोरं कापड फाडल्यासारखा, स्वच्छ, वर चढलेला.

बाबांच्या कपाळाला आठी होती. मान तिरकी करून ते ऐकत होते आणि त्यांना हवं ते येत नव्हतं. त्यांनी सुई थोडी आवळली.

“बाबा, बरोबर आहे!” ती ओरडली. अर्थात व्यर्थ.

त्यांनी आणखी आवळली. आवाज चढला, चढता चढता पातळ झाला आणि त्यात एक किणकिण आली, रिकाम्या डब्यात खडे हलवल्यासारखी. ती किणकिण काय असते ते तिला ठाऊक होतं. बाबा मात्र आता कुठं हसले होते. त्यांचा हात परत सुईकडे गेला.

ती धावली. आईला करताना पाहिलं होतं तसाच तळहात कार्ब्युरेटरच्या तोंडावर दाबला. मोटर गुदमरली, तिच्या हातावर पेट्रोल थुंकली आणि बंद पडली.

“डोकं फिरलंय का तुझं?” बाबा कडाडले. “आत्ता लागत होता सूर! आत्ता!”

“पिस्टन जाईल बाबा.”

“मला सांगतेस? मला? तू काठावर लाळ गाळत झोपायचीस तेव्हापासून मी...”

“आजोबा,” छोटी पायरीवरून मोठ्यानं म्हणाली, “ती रडत होती.”

“कोण?”

“मोटर. शेवटी शेवटी बारीक रडली. तुम्हाला नाही ऐकू आलं?”

पिंपातलं पाणी कडेवर डुचमळत होतं. भिंतीपलीकडून शिंपीकाका ओरडले, “अहो, संपलं का? मेलेली उठून बसतील!” पूर्वी बाबा त्यांना उलट टोला देत. आज त्यांना तेही कळलं नव्हतं.

बाबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. पाना घेतला, गरम प्लग फडक्यात धरून सोडवला आणि उजेडात नेला. प्लगचं टोक खरपूस, बिस्किटाच्या रंगाचं असावं लागतं. हे टोक पांढरंफटक होतं, चुलीतल्या राखेसारखं, मोटर कोरडी तापल्याची खूण. त्यांनी ते फडक्यानं पुसून पाहिलं. मग पालथ्या खोक्यावर बसले.

तीही त्यांच्या समोर, पायांशी बसली, म्हणजे त्यांना तिचं तोंड दिसावं.

“केव्हापासून?” त्यांनी विचारलं.

“काय केव्हापासून?”

“तो सूर. केव्हापासून लागतोय?”

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. पण तिला थापा येत नव्हत्याच.

“आज चालू केली ना, तेव्हापासूनच. सुईला हात लावायच्या आधीपासून.”

बाबांनी मान हलवली. प्लग फडक्यात गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला.

“म्हणजे मोटर केव्हाच झालीये,” ते म्हणाले. “आणि मी तिला जाळायला निघालो होतो.” मग, जरा लाजत, “कसा आहे गं? आहे ना तसाच?”

“तसाच. शेवटी जरा नाकात बोलते.”

“नाकातच बोलायची!” बाबा एकदम म्हणाले. “धुराची डावी नळी किंचित आखूड आहे. मुद्दाम ठेवली होती. तुझी आई म्हणायची, हिला सर्दी झालीये.” ते हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

छोटी कंटाळून म्हणाली, “परत लावा ना.”

“लावू की,” बाबा उठले. नवा प्लग बसवला. मग तिला हाताला धरून पिंपाच्या पलीकडे, बरोबर समोर उभं केलं. “इथून हलू नकोस. आठवतंय ना, तुझी आई चाचणीची फेरी मारून परत येताना पाण्यातून कसा हात करायची? उघडा तळवा म्हणजे सोड. मूठ म्हणजे आवळ. आणि हात छातीवर...”

“म्हणजे आता हात लावू नकोस.”

“ते माझ्यासाठी असायचं, मोटरसाठी नाही. चल.”

दोरी ओढली. कर्कशा उठली. बाबांनी या वेळी मान तिरकी केली नाही, डोळे मिटले नाहीत. ते तिच्या हाताकडे बघत होते, शाळेतलं पोर फळ्याकडे बघतं तसे. तिनं तळवा उघडला. सुई सैल झाली. आवाज जाड झाला, घोगरा. मूठ. जरा वर. आणखी मूठ, अर्धीच. घोगरेपणा गेला, किणकिण आली नाही आणि मधल्या अरुंद जागेत तो सूर येऊन उभा राहिला, किंचित नाकातला, सर्दी झाल्यासारखा. तिला वाटलं आता वळणावरून आई दिसेल.

तिनं हात छातीवर ठेवला.

बाबांनी सुईवरचा हात काढला आणि तो पंजा टाकीवर पालथा ठेवला. टाकी त्याखाली थरथरत होती. शिंपीकाकांचं डोकं भिंतीवर आलं. भिंतीवर कोपरं टेकून तेही ऐकू लागले.

शेवटी बाबांनीच तळहात ठेवून मोटर गप्प केली.

पिंपातलं पाणी फिरता फिरता सावकाश झालं, मग थांबलं. पत्रे थांबले. शिंपीकाका खाली उतरले. बाबा हलले नाहीत. एक हात टाकीवर, मान तिरकी, आता मात्र डोळे मिटलेले, चेहरा असा की त्यांना हाक मारायची तिची हिंमत होईना.

छोटीनं कानांवरचे हात काढले, दबकत जवळ आली आणि तिच्या ओढणीला धरून कुजबुजली, “आई, मोटर बंद झाली ना?”

“हो गं.”

“मग आजोबा अजून काय ऐकतायत?”