गंजका हात

महिनाभराने तेल लावायला म्हणून व्हर्लिनने उशाजवळच्या खणातून स्वतःचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. त्यावर बोटांचे तांबूस डाग पडले होते. त्याने ते उघडलं, तर आत एकही गोळी नव्हती.

केंटकीच्या त्या खोऱ्यातली माणसं पिस्तुलांचे गंजलेले भाग त्याच्या तळघरात आणून देत. तो ते घासायचा, चाकावर चमकवायचा आणि पुन्हा पहिल्यासारखे निळेकाळे करून द्यायचा. काहींच्या घामाने पोलाद एका रात्रीत गंजतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. असा गंजका हात त्याच्या घरात एकच होता, मुलाचा. क्लेटनला लहानपणापासून हातमोज्यांशिवाय तळघरात मज्जाव होता.

आईच्या दफनाला आलेला क्लेटन ‘चार दिवस राहतो’ म्हणाला आणि मग हललाच नाही. तेव्हापासून व्हर्लिनला त्याच्या प्रत्येक हालचालीचा संशय यायचा. हा दाराशी घुटमळतो का, खोलीत डोकावतो का? ते डाग पाहून आधी वाटलं, रिव्हॉल्व्हर विकायचा डाव असेल. मग आठवलं की याची बायको याला सोडून गेली आहे, आणि तो रिव्हॉल्व्हर हातात घेऊनच त्याला शोधत निघाला.

क्लेटन स्वयंपाकघरात मक्याचा पाव कापत होता.

“गोळ्या कुठेत?”

“कसल्या गोळ्या?”

“वेड पांघरू नकोस. तुझ्या बोटांनी चुगली केलीय. विकणार होतास, की स्वतःचं काही...” पुढचं त्याच्याने बोलवेना.

क्लेटनने सुरी खाली ठेवली. “माझं काही नाही हो, बाबा. मला धास्ती तुमची होती.”

“माझी?”

“आई गेली आणि तुम्ही सगळ्यांची कामं तशीच परत पाठवलीत. एवढं एकच चकचकीत करून उशाशी ठेवलंत. मी काय समजायचं? गोळ्या मी त्याच दिवशी काढल्या. परत भरल्यात का, ते रोज बघतो.”

“बापावर पाळत ठेवतोस?”

“ठेवतो.”

व्हर्लिनला फार राग आला. चांगलं खडसावावं म्हणून त्याने तोंड उघडलं; मग रिव्हॉल्व्हरच टेबलावर ठेवून दिलं. तो खुर्चीवर बसला.

“पहिल्या रविवारी आलं होतं मनात,” तो म्हणाला. “चर्चची घंटा झाली, आणि तिचा कोट खुंटीलाच होता.”

क्लेटनने पावाचा मोठा तुकडा बापाच्या ताटात वाढला आणि वर लोणी घातलं.

जेवण झाल्यावर व्हर्लिन तळघरात गेला. बऱ्याच दिवसांनी चाक फिरलं. मुलाचे डाग घासताना त्याला गलबलून आलं. काम संपल्यावर त्याने वर हाक मारली.

“क्लेटन, खाली ये रे.”

“हातमोजे घालतो, थांबा.”

“राहू देत. तसाच ये.”

त्याने ते लखलखीत रिव्हॉल्व्हर मुलाच्या उघड्या हातावर ठेवलं. “तुझ्या खोलीत ठेव. माझ्यापासून लांब.”

क्लेटनने त्यावर मूठ मिटली. हातमोजे वरच्या पायरीशी खिळ्याला तसेच लटकत होते.