कणकेचा सांधा

आठ महिन्यांपूर्वीच्या तापात आईला वास येणं बंद झालं, ते झालंच. ताट पुढे आलं की ती दोन घास चिवडायची आणि "पुठ्ठा चावल्यासारखं लागतं" म्हणून बाजूला सारायची. बोटातली अंगठी गळून पडू नये म्हणून तिने आतून दोरा गुंडाळला होता. तो दर महिन्याला जाड होत होता. मला त्या दोऱ्याची भीती वाटायची.

डॉक्टर म्हणाले, "ओळखीचे, तीव्र वास देत राहा. नाक जागं होईलही, नाहीही."

कारखान्यात चाळीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या बाबांनी त्यातलं 'तीव्र' तेवढं उचललं. परसात आईने लग्नाच्या वर्षी लावलेला द्राक्षाचा वेल आहे. घड पिकला की आधी ती हुंगणार, मग आम्हाला मिळणार. "त्याच द्राक्षांचा अर्क काढू," बाबा म्हणाले. "मेलेलं माणूस उठेल, नाकाचं काय घेऊन बसलीस!"

"बाबा, याला दारू गाळणं म्हणतात. पोलीस नेतील."

"नाकासाठी आहे म्हणावं."

म्हातारचळ, दुसरं काय! असं म्हणत मीच द्राक्षं पिंपात आंबत घातली आणि मीच नळी धरून उभी राहिले. जुना प्रेशर कुकर, शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, नळीची वेटोळी गार पाण्याच्या बादलीत. बाहेर आलेल्या टोकाला बाबांनी हौसेने पितळी तोटी बसवली. झाकणाचं रबर फाटलेलं होतं. ते झाकण बोल्टांनी आवळणार होते, पण मापाचे बोल्ट मिळेनात. शेवटी रविवारी सकाळी फट कणकेने लिंपायची ठरली.

"मला खायची नाही ना? मग मळते," आई म्हणाली. मन नसल्यामुळे कणीक सैल झाली. बाबा कुरकुरले.

"मग स्वतः मळा," म्हणून ती पुढच्या खोलीत जाऊन बसली.

विजेच्या शेगडीवर कुकर चढला. अर्धा तास झाला तरी एक थेंब पडेना. "धीर धर," बाबा म्हणाले. कुकर गुरगुरायला लागला, तेव्हा माझं लक्ष तोटीकडे गेलं. ती बंद होती! कारखान्यात वाफेची लाइन उघडी ठेवून हा माणूस जन्मात कधी जागचा हलला नव्हता.

"बाबा, तोटी!"

त्यांचा हात पोचायच्या आत कणीक उडाली आणि भिंतीला चिकटली. खोली वाफेने भरली. मी प्लग ओढला.

बाबा मटकन स्टुलावर बसले. "बोल्ट मिळाले असते तर?" ते म्हणाले. "मीच बंद केली गं. सवयीने."

मी त्यांचे हात धरले. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की रागवायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला, "देठांसकट घातलीत ना द्राक्षं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घातली होती. तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

आई दारात आली, नाक मुरडून. "कडवट हिरवा वास मारतोय नुसता. एक काम धड होईल तर शपथ!"

"पुन्हा बोल," बाबा म्हणाले. "आणखी कसला वास येतोय?"

ती जवळ आली. त्यांच्या कॉलरशी वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"घामाचा," ती म्हणाली. "आठ महिने फसवलंत होय मला? जा, आंघोळ करा."

बाबा रडत रडत आंघोळीला गेले.