गुलाबी बेडकाचा कर्ता कोण

"तो पन्नाशीचा असणार," आमचे हे घास चावत म्हणाले. "एकटा राहत असणार. आंघोळीचा कंटाळा. आणि शुद्धलेखनाचा तर आनंदच. सापडू दे एकदा, कोशातून असा बाहेर फेकतो की बस्स!"

मी ताटात बघत राहिले. समोर माझी नणंद बिट्टी बसली होती. तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तिथेच धरून ठेवला, कारण तिला हसू फुटलं असतं तर सगळं पाणी माझ्या अंगावर आलं असतं. हे ज्याला शोधत होते तो बिनआंघोळीचा पन्नाशीचा गृहस्थ म्हणजे आम्ही दोघी होतो.

आमचे हे जन्मभर मुद्रितशोधक. छापखान्यातून कागद आले की लाल पेन घेऊन बसायचे आणि दुसऱ्यांच्या चुका काढायचे. पगार त्याचाच होता, पण घरी हे काम फुकट चालायचं. मी दाराला 'दुध घेऊन या' अशी चिठ्ठी अडकवली, की दूध यायच्या आधी तो 'दु' दीर्घ व्हायचा. दूध कधीकधी यायचंच नाही.

मग हे निवृत्त झाले आणि पाठोपाठ ह्यांचे दातही निवृत्त झाले. माझा धंदाच कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, मी मागच्या खोलीत प्लास्टर ओतते, साचे करते, हिरड्या घडवते, त्यात दात बसवते. ह्यांची कवळी मी अशी बनवली की सख्ख्या बहिणीलाही कळू नये. पण ह्यांच्या मनाने घेतलं की सगळा रस्ता आपल्या तोंडाकडेच बघतो. बाहेर जाणं बंद, दाढी बंद. भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी खूप बोलले, भांडले, एकदा रडलेसुद्धा. भिंत जिंकली.

त्यातून ह्यांना बाहेर काढलं बिट्टीने. ही ह्यांची धाकटी बहीण, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि टीव्ही, रेडिओ, वॉशिंग मशीन, काय मिळेल ते दुरुस्त करते. तिने एक जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र आणून ह्यांच्यासमोर ठेवलं. टीव्हीला जोडायचं, वरून साबणाच्या वडीएवढी कार्ट्रिज खोचायची, की खेळ सुरू. तरुणपणी दोघं भावंडं ह्याच्यावरून मारामाऱ्या करायची. हे खेळले, मग आणखी कार्ट्रिजा मागवल्या, आणि कुठली अस्सल हे बघता बघता ह्यांना तो कोश सापडला. इंटरनेटवर जगभरचे संग्राहक त्यात आपापल्या कार्ट्रिजा फोटोसकट नोंदवतात. आणि काय सांगू, तो कोश चुकांनी खच्चून भरलेला होता! ह्यांच्या गालांवर रंग आला.

हळूहळू हे कोशाच्या तपासणी समितीचे प्रमुख झाले. रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायला लागले. मी ह्यांना दात दिले, पण माणूस उभा राहिला तो त्या प्रमुखपदामुळे. ते गेलं तर पुन्हा भिंत आहेच, ही भीती मला कायम असायची.

ह्यांना एकच खेळ कधी खेळायला मिळाला नव्हता. 'बोगद्यातला बेडूक'. कुठल्याशा छोट्या कंपनीने थोड्याच प्रती काढल्या आणि कंपनी बुडाली. ज्यांच्याकडे ती कार्ट्रिज आहे ते तिला काचेच्या पेटीत ठेवतात, खेळत नाहीत. "एकदा तरी तो बेडूक उडवायला मिळावा," हे इतक्यांदा म्हणाले की मला तो बेडूक सवत वाटायला लागला.

ह्यांचा वाढदिवस आला होता. बिट्टी म्हणाली, "वहिनी, त्या खेळाचा प्रोग्रॅम हौशी लोकांकडे आहे. चिपवर मी चढवते, कथलाचा डाग देऊन आतली पट्टी तयार करते. वरचं कवच तू कर. साच्याचं काम तर तुझंच."

मी एका साध्या कार्ट्रिजचा साचा घेतला. माझ्याकडे सामान कवळ्यांचं, म्हणजे रंग एकच, हिरडीचा गुलाबी. "गुलाबीच बरी," बिट्टी म्हणाली, "कुणाला अस्सल वाटायला नको." वरचं लेबल मात्र आम्ही कोशातल्या फोटोवरून हुबेहूब छापून घेतलं. बेडूक, बोगदा, कंपनीचं नाव, सगळं. इतकी गोड दिसत होती म्हणून सांगू! मी तिचा पापा घ्यायचीच बाकी होते.

आणि ऐन वाढदिवसाच्या तोंडावर कोशातल्या कुणा भल्या माणसाला कुणीतरी बनावट कार्ट्रिज अस्सल म्हणून गळ्यात बांधली. हे जेवायला आले ते दात-ओठ खातच. "घरी बनवलेली एकही कार्ट्रिज कोशात राहणार नाही," ह्यांनी जाहीर केलं. "राहिली, तर मी प्रमुख राहणार नाही. तसं लिहून टाकलंय सगळ्यांना."

कुणी सांगितलं होतं लिहायला? आमची दोघींची दातखीळ बसली. बेडूक प्लास्टरच्या डब्यात गेला आणि वाढदिवसाला ह्यांना मोजे मिळाले.

मी गप्प बसले. बिट्टी कशी बसेल? कामावरून दमून आल्यावर तिने त्या चिपपायी डोळे फोडून घेतले होते. मला न सांगता तिने कोशात 'डबकं' ह्या नावाने खातं उघडलं आणि गुलाबी बेडकाची नोंद केली, फोटोसकट. शेरा लिहिला: 'घरगुती. ऊत्तम चालते.' ह्यांनी नोंद उडवली. तिने परत घातली. ह्यांनी परत उडवली आणि 'उत्तम'मधला 'उ' ऱ्हस्व असतो असं कळवलं. तिने तो दीर्घ ठेवूनच परत घातली.

असं करता करता कोशात दोन तट पडले. काही म्हणाले, वस्तू आहे ना, मग नोंदवा, कोश म्हणजे काय देव्हारा आहे का? दुसरे म्हणाले, आज हिला घेतलं तर उद्या प्रत्येकाच्या माळ्यावरचं शेण यायचं. शेवटी रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर सभा आणि मतदान ठरलं.

"अगं बये, तुझ्या दादाचं पद जाईल!" मी बिट्टीला जिन्यात गाठून म्हटलं.

"मग तू सांग त्याला खरं. नवरा तुझा आहे."

"भाऊ तुझा आहे!"

शेवटी कुणीच सांगितलं नाही. जेवताना मी आपली खडे टाकून बघत होते.

"अहो, तो पन्नाशीचा म्हणजे बाई असली तर?"

"बाई? छे! बायकांना इतका रिकामा वेळ कुठला?"

"खरंय बाई," मी म्हटलं. "पण ती चालते ना? मग हरकत काय?"

"चालण्याचा काय संबंध? कोशात नोंद असते, खेळ नसतो!"

"म्हणजे हत्तीचंच झालं, दाखवायचे दात वेगळे."

ह्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण संशय माझ्या म्हणीवर होता, माझ्यावर नाही.

रविवारी सकाळी हे बेसिनशी कवळी धूत होते. शेजारी फोन उभा, त्यात गुलाबी बेडकाचा फोटो मोठा करून ठेवलेला. सभेची तयारी चालली होती. मला मागच्या खोलीत नळाचा आवाज येत होता, तो एकदम बंद झाला. मग हे दारात उभे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कवळी, त्यामुळे शब्द सगळे फुसफुसत येत होते.

"हे लाल धागे," हे म्हणाले. "हिरडीतल्या शिरा दिसाव्यात म्हणून तू घालतेस ते. फोटोत आहेत. ह्या कवळीतही आहेत. मी अख्खं जग पालथं घातलं."

"काखेत कळसा नि..." माझ्या तोंडून निघून गेलं. ही जीभ माझी वैरीण आहे.

"काखेत नाही," हे म्हणाले. "तोंडात."

हे हसले नाहीत. माझ्या स्टुलावर बसले. "आपलेच दात, आपलेच ओठ. रोज हसला असाल दोघी. मी पन्नाशीचा म्हणालो, आंघोळीचं बोललो, तुम्ही घास गिळत हसलात."

मला इतकं वाईट वाटलं की राग आला. "ती तुमचीच होती!" मी ओरडले. "वाढदिवसाची! तुम्ही बंदी घालून मोकळे झालात म्हणून मोजे दिले. मी केलीय, बिट्टीने केलीय, तो एक बेडूक तुम्हाला उडवायला मिळावा म्हणून!"

आवाज ऐकून बिट्टी खाली आली, भांडायच्या तयारीने, पदर खोचल्यासारखी. भावाचा चेहरा पाहिला आणि निवली. मी प्लास्टरच्या डब्यातून बेडूक काढला, फुंकर मारून ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी आधी कवळी तोंडात घातली. मग भिंग काढलं. कार्ट्रिज इकडून बघितली, तिकडून बघितली. आम्ही दोघी नापास मुलींसारख्या उभ्या.

"ह्यावर कंपनीचं नाव आहे," हे म्हणाले.

"मूळ तशीच आहे, दादा."

"मूळ त्यांनी बनवली. ही तुम्ही बनवलीत. मग त्यांचं नाव कशाला?" ह्यांनी लेबलावरच्या त्या ओळीवर नख ठेवलं. "घरची आहे हे खोटं नाही. गुलाबी आहे हे तर नाहीच नाही. खोटं आहे ते एवढंच."

"दादा, मी नोंद काढून टाकते," बिट्टी म्हणाली. "डबकं आटलं म्हणून कळवते. तू प्रमुख राहा."

"हो ना," मी म्हटलं. "कुणाला काय कळतंय? सभेत घरचं काही काढू नका. लोक हसतील हो तुम्हाला."

"नोंदीला आता हात लावायचा नाही," हे म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालायला गेले.

आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या राहिलो. ह्यांनी आडपडदा ठेवलाच नाही. गुलाबी बेडूक आपल्याच घरात, आपल्या बायकोने आणि बहिणीने बनवला, त्याच मालाचे दात आपल्या तोंडात असूनही आपल्याला ओळखता आला नाही, असं सगळं सांगून टाकलं. आणि कॉम्प्युटरमधून जे हसू फुटलं! कुणीतरी ओरडलं, "आधी घर तपासा, मग कोश!" मला वाटलं आत जाऊन वायरच उपटावी. बिट्टीने माझं मनगट धरलं.

हे हसणं संपायची वाट बघत थांबले. मग म्हणाले, "आता माझी सूचना. घरगुती कार्ट्रिज घ्यावी, वेगळ्या विभागात. अट एकच. ज्याने बनवली त्याचं नाव तिच्यावर कोरलेलं हवं. दुसऱ्याचं नाव लावून आली तर ती नकली, तिला दार बंद."

मतदान झालं. सूचना मंजूर. "आणि माझा शब्द असा होता की घरगुती कार्ट्रिज आली तर मी प्रमुख राहणार नाही," हे म्हणाले. दोघाचौघांनी नको नको केलं, ज्याने घर तपासायला सांगितलं होतं त्यानेसुद्धा. "लिहिलेलं आहे," हे म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला.

बाहेर आले ते सरळ जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. एका बेडकापायी मी माझा माणूस पुन्हा भिंतीला दिला, असं वाटलं.

बिट्टीने यंत्र आणलं, टीव्हीला जोडलं, बेडूक ह्यांच्यासमोर धरला.

"नावाशिवाय मी हात लावणार नाही," भिंतीकडूनच उत्तर आलं.

बिट्टी उठली, माझं कवळी घासायचं छोटं मशीन आणलं, लेबलावरची कंपनीची ओळ खरवडली आणि पाठीमागे स्वतःचं नाव ठोकून दिलं, ऐटीत. मग मशीन माझ्या हातात. आणि मी अडले. माझ्या धंद्यात कुणी नाव घालत नाही. आभार डॉक्टरांना, हसू कवळीवाल्याला, आणि काम इतकं चोख हवं की कुणी बनवलंय हा प्रश्नच पडू नये. माझ्या हातचे दात गावभर हसतात, मला एकही ओळख दाखवत नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, म्हणजे मी वाटून घेतलं नाही.

"माझं कशाला?" मी म्हटलं. "कवच तर आहे नुसतं."

ह्यांनी खुर्ची वळवली. "कर्ता नसलेलं वाक्य मी जन्मात पुढे पाठवलं नाही," हे म्हणाले. "कोर."

मी कोरलं. ह्यांनी कार्ट्रिज खोचली. बोगदा आला, बेडूक आला, ह्यांनी बटण दाबलं, बेडूक उडाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडून मेला. ह्यांनी असा एक शब्द उच्चारला जो ह्यांनी छापायला कधीच जाऊ दिला नसता. मग परत सुरू केलं. आणि परत. बिट्टी बाजूला बसून "उडव, उडव, अरे आता!" म्हणून ओरडत होती आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होते.

पण एकदा मशीन हातात आलं की माझ्या अंगात येतं. दुसऱ्या दिवशी ह्यांची कवळी वाटीत भिजत पडली होती. मी ती उचलली आणि टाळूच्या बाजूला, जिथे जीभ लागते तिथे, बारीक अक्षरात माझं नाव कोरलं. टोचू नये म्हणून गुळगुळीत केलं आणि परत वाटीत ठेवून दिली.

चहा घेताना ह्यांची जीभ मध्येच थांबली. टाळूशी काहीतरी चाचपत राहिली.

"इथे काहीतरी लिहिलंय," हे म्हणाले.

"तुमचाच नियम," मी म्हटलं. "कर्त्याचं नाव हवं. नाहीतर नकली."

ह्यांनी कवळी काढली, पुसली, खिडकीच्या उजेडात नेली आणि भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले.

"पहिली वेलांटी ऱ्हस्व झालीय," हे फुसफुसत म्हणाले. "दीर्घ हवी."

"अगं बाई! आणा इकडे, आत्ता सुधारून देते."

ह्यांनी कवळी तोंडात घातली आणि तोंड मिटून घेतलं.

"राहू दे," हे म्हणाले.