पिल्लांची पेटी

पेटी म्हटलं की तुम्हाला वाजवायची पेटी आठवेल, नाहीतर दागिन्यांची. मी त्यातली नव्हे, मित्रांनो. मी मधमाश्यांची पेटी आहे. आता जुनी झाले आहे. ट्युनिशियाच्या उत्तरेला, आईन द्राहमच्या डोंगरात, एका घराच्या मागच्या भिंतीला टेकून पडून असते. माझी कहाणी ऐकून कुणाला बरं वाटेल असं नाही, तरी ऐका.

मला जिलानीने बनवलं. घरात काही मोडकं दिसलं की जिलानीचे हात शिवशिवत. फुटक्या बादलीचा दिवा कर, सायकलच्या चाकावर कपडे वाळत घाल, असे त्याचे उद्योग. मी मूळचं त्याच्या घरातलं कपाट. त्याने माझ्या फळ्या कापल्या, खिळे ठोकले, झाकण बसवलं, आणि सगळं झाल्यावर मी एका अंगाला चांगलीच कलती निघाले. त्याची बायको बय्या कमरेवर हात ठेवून बघत होती.

"सी जिलानी," ती म्हणाली. 'सी' म्हणजे साहेब. नवऱ्याची खोडी काढायची असली की ती त्याला साहेब करून टाके. "माश्यांना पंख आहेत म्हणून बरं. चालत असत्या तर घसरून पडल्या असत्या."

"पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम तशी केलीय."

"आणि आतून रंधा मारायचा राहिला तोही मुद्दाम?"

"आत कोण बघायला जातंय?"

आतून मी खरखरीतच राहिले. त्याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही.

बय्याच्या माश्या तिच्या वडिलांच्या. वडील गेले तेव्हा भावांनी जमीन वाटून घेतली आणि हिने ओकाच्या जाड, बुचाच्या सालीच्या नळकांड्यांतली मोहोळं उचलून सासरी आणली. माहेरचं तेवढंच तिच्याकडे होतं. पहिल्या वसंतात तिने माझ्यात एक पिल्लू सोडलं. दचकू नका, मित्रांनो. मोहोळ भरून गेलं की जुनी राणीमाशी निम्म्या माश्या घेऊन नवं घर शोधायला निघते. तिथल्या बोलीत त्या झुंडीला पिल्लू म्हणतात. मांजराचं तेही पिल्लू आणि माश्यांचं तेही पिल्लूच. मला हा शब्द त्या वेळी फार गोड वाटला होता.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. वसंतात रानफुलांचा मध, आणि पावसाळी थंडी सुरू होताना तो काळसर, कडवट मध, जो खोकल्यावर चमचाभर घेतात. शेजारची मोंजिया वाटी घेऊन यायची आणि म्हणायची, "बय्या, तुझी ती वाकडी पेटीच सगळ्यांत जास्त देते बघ." हे ऐकलं की जिलानी दिवसभर छाती पुढे काढून फिरे. मीही फुगत होते. खोटं कशाला बोलू?

पण एका वर्षी माश्यांच्या अंगावर बारीक तांबडे किडे दिसू लागले आणि होत्याचं नव्हतं झालं. माझ्यातल्या माश्या गेल्या, शेजारच्या पेट्या रिकाम्या झाल्या. उरलं ते एकच मोहोळ, बुचाच्या सर्वांत जुन्या, तडकलेल्या नळकांड्यात. बय्या रोज सकाळी त्याला कान लावून उभी राही. आतून गुणगुण ऐकू आली की तिच्या जिवात जीव येई.

"हे गेलं तर बाबा दुसऱ्यांदा गेले म्हणायचे," ती एकदा जिलानीला म्हणाली. त्याने त्या नळकांड्यावर नवा पत्रा बसवून दिला.

त्याच हिवाळ्यात जिलानीला रस्त्याखालच्या नळीत मांजराची तीन पिल्लं सापडली. आई कुठे दिसत नव्हती आणि पाणी चढत होतं. तो कोपरापर्यंत चिखलात हात घालून त्यांना काढून घेऊन आला आणि जुना स्वेटर अंथरून त्याने त्यांना माझ्यात ठेवलं.

"मधपेटीत मांजरं," बय्या म्हणाली. "आता गाढवाला पलंग दे." मग तीच दूध कोमट करून घेऊन आली. "राहू देत थंडी आहे तोवर. वसंतात मोहोळ सुटलं की मला पेटी लागेल."

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. रिकाम्या पोटात पुन्हा ऊब आली होती.

थंडी सरता सरता बय्याची मुलगी बाळंत झाली, म्हणून बय्या बेजा गावी तिच्याकडे गेली. जीव मात्र तिचा इथेच. ऊन तापायला लागलं तसा तिने घाईघाईने फोन केला. जिलानी माझ्याशेजारीच बसला होता, पिल्लं त्याच्या मांडीवर कानामागे खाजवत होती.

"पिल्लांची पेटी साफ करून ठेव," बय्या म्हणाली. "कोपरान्‌कोपरा बघ. एक किडा आत राहता कामा नये."

"बरी आठवण केलीस. मीही तेच म्हणत होतो."

"आळस करू नकोस हं."

"अगं, तू बाळाकडे बघ. पिल्लांचं मी बघतो."

ती बोलत होती मेणकिड्यांबद्दल, त्याच्या डोळ्यांपुढे होत्या पिसवा. मला दोन्ही कळत होतं. मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं हे मला त्या दिवशी कळलं.

तो गुरांच्या खाद्याच्या दुकानातून पिसवा मारायची पांढरी भुकटी घेऊन आला. मांजरांना बाजूला काढून त्याने ती माझ्यात सगळीकडे चोळली. हातचं काही राखलं नाही. बायकोने सांगितलेलं काम होतं ते. दुसऱ्या दिवशी त्याने मला झाडलं, पुसलं. पण माझ्या खरखरीत लाकडात भुकटी रुतून बसली होती. मांजराच्या पिल्लांनी मला हुंगलं आणि तोंड फिरवलं. ती माझ्यात पुन्हा आली नाहीत, स्वयंपाकघरातल्या टोपलीत झोपू लागली.

बय्या परत आली आणि माझं झाकण उघडून बघतच राहिली. "सी जिलानी, एवढं नीट काम तू जन्मात केलं नसशील," ती म्हणाली. या वेळचं 'साहेब' खरं होतं. तिने माझ्यात जुनं मेण लावलं, वासाचा पाला चोळला. भुकटीचा वास त्याखाली दडपला गेला.

पिल्लू सुटलं ते एका स्वच्छ दुपारी. झुंड लांब न जाता खाली बसावी म्हणून बय्या तांब्याचं भांडं वाजवत तिच्यामागे धावली, जिलानी शिडी घेऊन बायकोमागे. झुंड ऑलिव्हच्या फांदीवर बसली. बय्याने ती अलगद माझ्यात झटकली आणि झाकण ठेवलं. नंतर ती माझ्याजवळच बसून राहिली, मातीच्या भट्टीत भाजलेल्या तबूना रोटीचा तुकडा हातात तसाच. तिला हसू आवरत नव्हतं.

त्या माझ्यात चढल्या, मित्रांनो. वडिलांच्या माश्या. माझ्या भिंतींना बिलगल्या. थोड्या वेळाने त्यांचे पाय लटपटू लागले.

सकाळी बय्याने झाकण काढलं तेव्हा तळाशी काळा थर साचला होता. ती कोंबडीच्या पिसाने त्यांना ओटीत गोळा करत राहिली. मग तिने कोपऱ्यात बोट फिरवलं, ते पांढरं झालं.

"हे काय आहे?"

"पिसवांची भुकटी," जिलानी म्हणाला. "तूच म्हणालीस ना, पिल्लांची पेटी..."

"कुठल्या पिल्लांची?"

त्याने स्वयंपाकघराकडे, मांजरांच्या टोपलीकडे पाहिलं. ती उठली. ओटीत मेलेल्या माश्या घेऊन घरात निघून गेली. बुचातल्या मोहोळात नवी राणी जन्मली होती. ती पहिल्या उड्डाणाला बाहेर पडली आणि वेड्या राघूंच्या थव्याने तिला टिपलं. राणीच नाही म्हणून नव्या माश्या जन्मल्या नाहीत, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या होऊन उन्हाळ्यात संपल्या.

जिलानीने त्यानंतर हातोडी धरली नाही. नळ गळतो आहे, खुर्चीचा पाय दोरीने बांधला आहे. बय्या त्याला जेवायला वाढते, औषध देते, सगळं करते. टोमणा मात्र मारत नाही. मांजरं मोठी झाली, तिच्या मांडीवर झोपतात. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवते, कारण त्यांचा काय दोष? मला मागे आणून टाकलं. मोडायला दोघांचाही हात धजला नाही.

आणि आज सकाळपासून माझ्या दाराशी माश्या घिरट्या घालत आहेत. रानातल्या कुठल्या तरी मोहोळाच्या. घर शोधायला निघालेल्या. एक आत येते, भिंतीवरून फिरते, बाहेर जाऊन आणखी दोघींना घेऊन येते. भुकटी अजून मारते की नाही, मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगणार कुणाला? बय्याला आवाज ऐकू गेला असावा. तिने आतून खिडकी लावून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणत नाही. तुमच्यापैकी कुणी या वाटेने येणार असेल तर लवकर या आणि मला कुऱ्हाडीने फोडा. झुंड अजून आलेली नाही.